खरखर चालेल, शांतता नको

परवा एका पोलीस ठाण्यात जाण्याचा योग आला. (कुठल्या ते विचारू नका. काम पोरीच्या पासपोर्टच्या पडताळणीचं होतं आणि पासपोर्ट अजून हातात पडायचाय!) बाकावर बसून कंटाळा आला म्हणून इकडेतिकडे बघत होतो, तर लोखंडी कपाटावर एक ओळखीची वस्तू दिसली. जुना वायरलेस सेट. वर रद्दीचा गठ्ठा, गठ्ठ्यावर कुणाचं तरी हेल्मेट, आणि माइकची गुंडाळीची वायर खाली लोंबतेय. मागे बॅटरीची जागा रिकामी.

न राहवून तिथल्या शिपायाला विचारलं. तो हसला. म्हणाला, "बॅटरी इन्व्हर्टरले लावली ना काका. आता काय काम त्याचं? बॅकअप म्हणून ठेवलाय."

बॅकअप म्हणून ठेवलाय! फुलसावंगीला परत येईपर्यंत एसटीत हे एकच वाक्य डोक्यात घुमत होतं. त्या पोराचा काही दोष नाही, तो वरून आलं तेच बोलत होता. पण हे असं बॅकअप म्हणजे घरात विहीर आहे म्हणून सांगायचं आणि दोर-बादली विकून टाकायची, त्यातलाच प्रकार. आज त्याबद्दलच लिहायचं आहे. थोडं चिडून लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

आमच्या पिढीला वायरलेसचं अप्रूप होतं. पोळ्याला, गणपतीला गावात बंदोबस्ताची जीप आली की आम्ही पोरं तिच्याभोवती. जीपवर ती लांब लवचिक काडी, आतून सतत खरखर, मधेच कुणीतरी कुणाला तरी हाक मारतंय, आणि जमादार माइक तोंडाशी धरून "ओव्हर" म्हणतोय. आम्ही घरी येऊन काड्यापेटीला दोरा बांधून तोच खेळ खेळायचो. नंतर कळलं की त्या खरखरीत एक मोठी गोष्ट होती. त्या बोलण्याला मधे कुणी लागत नव्हतं. या जीपमधून निघालेला आवाज हवेतून थेट त्या ठाण्यात. फार तर मधल्या टेकडीवर आवाज उचलून पुढे फेकणारा एक रिपीटर. बारा व्होल्टची गाडीची बॅटरी, उंच खांबावर ॲन्टेना, आणि दोन्ही टोकांना कान देऊन बसलेला माणूस. बस्स.

आता आजची गंमत बघा. २०२१ साली महाराष्ट्रात ११२ सुरू झाला. कल्पना उत्तम आहे, मी स्वतः एकदा वापरलाय आणि गाडी वेळेत आली होती. पण वाट बघा त्याची. फुलसावंगीतून लावलेला फोन आधी जवळच्या मोबाईल टॉवरवर जाणार, तिथून नवी मुंबई नाहीतर नागपूरच्या केंद्रात, तिथून माहिती यवतमाळला जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात, आणि तिथून परत मोबाईलच्याच जाळ्यातून जीपमधल्या स्क्रीनवर. दोन किलोमीटरवरच्या जीपला हाक मारायला शेकडो किलोमीटरचा फेरा! सगळं चालू असतं तेव्हा हा फेरा काही सेकंदांचा असतो, त्यामुळे तो कुणाला जाणवतही नाही. जाणवतो कधी? साखळीतली एक कडी तुटते तेव्हा. आणि आमच्याकडे कडी नेमकी पावसाळ्यात तुटते. वीज जाते, टॉवरची बॅटरी काही तास तग धरते, डिझेल पोचवायला रस्ता नसतो, आणि मग सगळ्यांच्या हातातले फोन एकसाथ मुके होतात.

आमच्या भागाला हे नवं नाही. २८ सप्टेंबर २०२१ ला उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्यावर पुराच्या पाण्यातून जाणारी एसटी वाहून गेली, माणसं गेली. २२ जुलै २०२३ ला आमच्याच महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्यावर माणसं पुरात अडकली, हवाई दलाची हेलिकॉप्टरं मागवावी लागली. या दोन दिवशी फोनचं काय झालं हा माझा मुद्दा नाही. मुद्दा हा की इथे पूर असा येतो. कुणाकडे तरी आत्ता, या मिनिटाला निरोप पोचवायचा असतो.

आणि एक तिसरी रात्र आहे, जी पेपरात आली नाही.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका तालुक्यातून, सोयऱ्यांकडून परत येत होतो. नाल्याला पूर. अलीकडे आम्ही वीसपंचवीस जण, तीन मोटरसायकली, एक टेम्पो आणि गस्तीवरची एक पोलीस जीप. टेम्पोत एका म्हाताऱ्याच्या छातीत दुखायला लागलं. घामाने डबडबलेला. सगळ्यांनी फोन काढले. एकाच्याही फोनला टॉवर नाही. जमादार भला माणूस, त्याने जीपमधली स्क्रीन दाबून बघितली. तिथेही तेच. मग त्याने माइक उचलला. मला वाटलं, सुटलो. जीपमधला जुना सेट चालू होता हो! लाल दिवा लागलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितला. त्याने पाच वेळा, दहा वेळा हाक मारली. पलीकडून खरखर सुद्धा बदलली नाही. पलीकडे ऐकायलाच कुणी नव्हतं. तो माइक ठेवत म्हणाला, "तिकडचा सेट बंदच राहतो बावा आता. सगळं मोबाईलवरच चालते."

पहाटे पाणी उतरलं तेव्हा उशीर झाला होता. निरोप गेला असता तर म्हातारा वाचलाच असता, असं मी म्हणणार नाही. ते डॉक्टरलाही सांगता आलं नसतं. पण पलीकडच्या काठाला रुग्णवाहिका, दोर, माणसं येऊन उभी राहू शकली असती. आम्ही काय केलं? बॅटऱ्या हलवून अंधारात ओरडत बसलो. चार तास.

त्या रात्रीपासून "बॅकअप म्हणून ठेवलाय" हे वाक्य मला ऐकवत नाही.

आता लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे. माझा भाचा कॉम्प्युटरवाला आहे, त्याच्याशी यावर दोनदा भांडण झालंय. त्याचे मुद्दे प्रामाणिकपणे मांडतो.

पहिला: ॲनालॉग कुणीही ऐकू शकतं. बरोबर आहे. साधा रिसीव्हर घेऊन बसलेल्या माणसाला सगळं ऐकू येतं. नुसतं ऐकूच येत नाही, कुणी घुसूही शकतो. ऑगस्ट २०२३ मध्ये पोलंडमध्ये कुणीतरी रेल्वेच्या जुन्या ॲनालॉग रेडिओवर थांबण्याच्या इशाऱ्याचे सूर वाजवले आणि वीसेक गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. मान्य! म्हणून धाडीची आखणी, खबऱ्याचं नाव, मोठ्यांचे दौरे हे जुन्या सेटवर बोलू नका, ते डिजिटलवरच बोला. पण "नाल्याला पूर आलाय, दोर पाठवा" यात गुपित काय आहे? उलट हे जितक्या लोकांनी ऐकलं तितकं बरं. आणि डिजिटल म्हणजे अभेद्य किल्ला असंही समजू नका. जगभरचे पोलीस वापरतात त्या टेट्रा नावाच्या डिजिटल पद्धतीतल्या कुलपांमध्ये भोकं आहेत, हे त्याच २०२३ साली नेदरलँड्सच्या संशोधकांनी दाखवून दिलं.

दुसरा: डिजिटलचा आवाज स्वच्छ असतो. हेही खरं. सिग्नल बरा असेपर्यंत डिजिटलचा आवाज ॲनालॉगपेक्षा कितीतरी साफ. पण डिजिटल सेट आवाजाचे आकडे करून पाठवतो, आणि सिग्नल एका मर्यादेखाली गेला की पलीकडच्या यंत्राला ते आकडे जुळवता येत नाहीत. मग दोनचार तुटके शब्द, आणि एकदम शांतता. ॲनालॉगचं तसं नाही. खरखर हळूहळू वाढत जाते, आवाज पाण्यात बुडाल्यासारखा होतो, पण सरावलेला कान त्यातूनही "पूल", "दोन माणसं", "लवकर" एवढं उचलतोच. शिवाय ती खरखर सांगते की बाबा, जरा उंचावर जा, ॲन्टेना सरळ धर. शांतता काहीच सांगत नाही.

तिसरा, आणि भाच्याचा हुकमी: जुन्या सेटचे सुटे भाग मिळत नाहीत, दुरुस्त करणारे उरले नाहीत, पैसा कुठून आणायचा? यावर मी बराच विचार केला. आणि मला वाटतं, इथे आपण जुना डबा आणि जुनी पद्धत यांत गल्लत करतोय. माझं प्रेम त्या डब्यावर नाही. पोलिसांसाठी येणाऱ्या नव्या डिजिटल सेटांपैकी बरेचसे ॲनालॉगवरही चालतात, बटण फिरवलं की झालं. तेव्हा डबा नवा घ्या खुशाल. फक्त त्यात एक ॲनालॉग चॅनेल ठेवा, जो मधल्या कुठल्याही केंद्राशिवाय थेट सेटवरून सेटवर बोलेल आणि शेजारच्या ठाण्याच्या, जुन्या जीपच्या सेटशीही जुळेल. रिपीटर पडला तरी एका ठाण्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला असा निरोप तोंडी पुढे नेता येतो. हळू जाईल. पण जाईल.

चौथा मुद्दा भाचा बोलत नाही, पण साहेबलोकांच्या मनात तोच असतो. जुनं ठेवणं म्हणजे मागासलेपण. नवीन यंत्रणेचं उद्घाटन होतं, फीत कापली जाते, फोटो येतो. जुन्या सेटच्या बॅटरीत पाणी घातलं म्हणून कुणाचा फोटो आलाय का कधी?

या मागासलेपणावरून आठवलं. ओडिशा पोलिसांकडे १९४६ पासून कबुतरांचं टपालखातं आहे. एप्रिल १९४८ मध्ये पंडित नेहरू संबलपूरला असताना त्यांनी कटकला निरोप पाठवला तो या कबुतराच्या पायाला बांधून. १९९९ च्या महाचक्रीवादळात तारा, खांब, मनोरे सगळं आडवं झालं तेव्हा हीच कबुतरं कामाला आली. रोजचं काम संपून किती वर्षं झाली, तरी कटकला आजही शंभरावर कबुतरं पाळली जातात. लोक हसतात. मला हसू येत नाही. कारण त्यांना रोज दाणा घालावा लागतो, उडवावं लागतं, सराव द्यावा लागतो. कबुतर कपाटावर ठेवून "बॅकअप" म्हणता येत नाही, मरून जातं ते! वायरलेसचं दुर्दैव हे की तो मेलेला दिसत नाही.

आणि माझं म्हणणं नेमकं इथे येऊन थांबतं. पर्याय रोज वापरात नसेल तर तो पर्याय नव्हेच, ती अडगळ. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयाच्या गल्लीत करकरे, कामटे, साळसकर पडले. त्याच गाडीत मागे अरुण जाधव गोळ्या लागून पडलेले होते. अतिरेकी गाडी टाकून गेले, तेव्हा जाधवांनी जखमी अवस्थेत वायरलेस गाठून नियंत्रण कक्षाला खबर दिली. तो सेट ॲनालॉग होता की डिजिटल, याला इथे महत्त्व नाही. तशा अवस्थेतही हात त्या बटणावर गेला, कारण हाताला रोजची सवय होती. आणि दुसऱ्या टोकाला माणूस ऐकत होता, कारण ऐकत बसणं हे त्याचं रोजचं काम होतं. आमच्या नाल्यावर यातली दुसरी गोष्ट नव्हती. सेट होता, बॅटरी होती, बोलणारा होता. ऐकणारा नव्हता.

तेव्हा मागणी मोठी नाही. कोट्यवधीचं टेंडर नको. रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी प्रत्येक ठाण्याने जुन्या चॅनेलवर हजेरी द्यावी. पाच मिनिटांचं काम. "आवाज कसा आहे?" "साफ आहे." एवढंच. ज्या ठाण्याचं उत्तर आलं नाही, तिथे दुसऱ्या दिवशी मेकॅनिक गेला पाहिजे. पावसाळ्याचे चार महिने सेटजवळ चोवीस तास माणूस पाहिजे. नव्या भरतीच्या पोरांना महिन्यातून एक दिवस मोबाईल आणि स्क्रीन बंद करून फक्त वायरलेसवर काम करायला लावा. आणि सेटची बॅटरी ही सेटचीच. इन्व्हर्टरला दुसरी घ्या. पंखा बंद पडला तर घाम येतो, माणूस मरत नाही.

भाचा म्हणतो, मामा, तुम्ही जुन्या आठवणींत रमता. असेलही. काड्यापेटीला दोरा बांधून खेळलेला माणूस आहे मी. पण त्या खेळातही एक नियम होता, तो आम्हा पोरांना कुणी शिकवला नव्हता. एकजण बोलायला लागला की दुसऱ्याने काडीपेटी कानाला लावायची. नाहीतर खेळच होत नाही.

असो. पुढच्या वेळी कुठल्या कामाने ठाण्यात गेलात तर कपाटावर जरा नजर टाका. तिथे सेट दिसला तर नम्रपणे एवढंच विचारा, "साहेब, हा लागतो का?" उत्तर काय मिळालं ते मलाही कळवा. मी मात्र माझ्या त्या ठाण्यात पासपोर्ट हातात पडल्यावरच विचारणार आहे.