शासन निर्णय झाला, कळफलक इंग्रजीच



सरकारी खर्चाने घेतलेल्या संगणकांच्या कळफलकावर रोमनबरोबर देवनागरी अक्षरेही असलीच पाहिजेत, असे ३ फेब्रुवारी २०२५ च्या शासन निर्णयात स्पष्ट म्हटले आहे. याच आठवड्यात एका सरकारी कार्यालयात नव्या संगणकांची खोकी उघडली जाताना पाहिली. एकाही कळफलकावर मराठीचे एक अक्षर नाही! विचारले, तर उत्तर मिळाले की पुरवठादाराकडून असेच येतात. मग निविदेत काय लिहिले होते? आणि माल तपासून सही कोणी केली?

अक्षरे छापली नाहीत म्हणून काय बिघडले, असे ज्यांना वाटते त्यांनी अशा कळफलकावर ‘बाळ’ एवढा एक शब्द उमटवून दाखवावा. इनस्क्रिप्ट ही आपल्या लिप्यांसाठीची मांडणी १९९१ सालापासून भारतीय मानकात आहे आणि ती फार विचार करून केलेली आहे. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. ‘क’च्या कळेवर शिफ्ट दाबले की ‘ख’, ‘ग’वर ‘घ’, ‘त’वर ‘थ’. बाराखडी येणाऱ्या माणसाच्या हातात ती लवकर बसते. पण ‘ळ’ हा इंग्रजी एनच्या कळेवर शिफ्ट दाबून येतो, हे त्या कोऱ्या कळेकडे बघून कोणाला कळणार? म्हणून नवा कर्मचारी शेवटी रोमनमध्ये स्पेलिंग लिहितो आणि संगणक त्याचे मराठी करून देईल याची वाट बघतो. मराठीत अर्ज लिहायला आधी इंग्रजी अक्षरांच्या दारातून जायचे! एकीकडे लिपिक-टंकलेखकाच्या भरतीत मिनिटाला ३० मराठी शब्दांचे प्रमाणपत्र मागायचे आणि रुजू झाल्यावर त्याच्यापुढे हा कळफलक ठेवायचा, हा अन्याय आहे.

कंपन्यांना दोन लिप्यांचे कळफलक करणे जमत नाही, हे मला मुळीच मान्य नाही. ग्रीस, इस्रायल, थायलंडमध्ये दुकानातला साधा कळफलकही दोन लिप्यांचा असतो. कोरियात स्पेस बारच्या शेजारी भाषा बदलायची स्वतंत्र कळ असते. फ्रान्समध्ये तर लिपी रोमनच, पण स्वरचिन्हांची मोठी अक्षरे नीट उमटत नाहीत म्हणून तिथल्या संस्कृती मंत्रालयाने पाठपुरावा केला आणि २०१९ साली नवे राष्ट्रीय मानक आले. आपला ‘ळ’ काय कमी मोलाचा आहे? मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२४ मध्ये कोपायलट या आपल्या एआय साहाय्यकासाठी कळफलकावर नवी कळ जाहीर केली. स्वतःच्या उत्पादनासाठी जागा निघते, तर कोट्यवधी मराठी माणसांसाठी का निघत नाही? आपण ठणकावून मागितले नाही, हेच खरे कारण.

भाषा बदलण्याचा त्रास तर वेगळाच. पत्र मराठीत, मध्येच ईमेलचा पत्ता इंग्रजीत, पुन्हा मराठी. प्रत्येक वेळी कळफलकावरचा हात काढायचा, माऊस धरायचा आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातल्या बारीकशा अक्षरांवर नेम धरून क्लिक करायचे. चाळिशी लागलेल्या माणसाला ती अक्षरे धड दिसतही नाहीत. विंडोजची कळ आणि स्पेस बार एकत्र दाबले की तेच काम होते, पण हे प्रशिक्षणात सांगतो कोण? देवनागरीत कॅपिटल अक्षरेच नाहीत. तरी कॅप्स लॉक करंगळीशेजारची मोक्याची जागा अडवून बसलेले आहे. तिथे ‘मराठी/इंग्रजी’ अशी कळ द्या, दिवसभर टंकलेखन करणाऱ्यांचे निम्मे हेलपाटे वाचतील.

मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटणाऱ्या लोकप्रतिनिधींनी आपापल्या मतदारसंघातल्या कार्यालयांत जाऊन कळफलक बघावेत. जिल्हाधिकाऱ्यांनी यापुढच्या प्रत्येक खरेदीत देवनागरी अक्षरांची अट घालावी, अक्षरे पक्की छापलेली असावीत, चार महिन्यांत निघणारे स्टिकर चालणार नाहीत असेही लिहावे. अट पाळली नसेल तर माल परत पाठवावा आणि बिल रोखावे.

— एक निवृत्त लिपिक, सातारा