घरचं आरोग्य : बर्फातली मासळी आणि पारा

आलापल्लीहून एका भगिनीचं पत्र आलंय. यजमान जंगलखात्यात, सासूबाई मूळच्या रत्नागिरीकडच्या. सुनेला पाचवा महिना लागला तशी सासूबाईंनी चंद्रपूरहून येणाऱ्याजाणाऱ्यांकडून फ्रोजन मुशी आणि सुरमई मागवायचा सपाटा लावलाय. "माशांत पारा असतो म्हणे. गोठवल्यावर तो मरतो ना? की उकळत्या पाण्यातून काढावी?" असं त्या विचारतात.

अहो, पारा म्हणजे काही जंतू नव्हे, मरायला! बर्फाने मासळी नासत नाही, एवढंच. पारा माशाच्या मांसातच घट्ट बसलेला असतो. मीठ-हळद चोळा, कोकम घाला, तळा नाहीतर उकळा, तो तिथेच राहतो. शिसं आणि कॅडमियम मात्र जास्त करून कल्ले, काळीज अशा भागांत साठतं, म्हणून पोटातली घाण नि कल्ले नीट काढून टाकावेत.

हा पारा येतो कुठून? कोळसा जळतो त्याच्या धुरातून, कारखान्यांच्या सांडपाण्यातून. पाण्यातले सूक्ष्मजीव त्याचं अधिक विषारी रूप करतात. ते बारीक माशात जातं, बारक्याला मोठा खातो, मोठ्याला त्याहून मोठा, आणि दरवेळी साठा वाढत जातो. म्हणून मुशीसारखा शिकारी, पुष्कळ वर्षं जगणारा मासा सगळ्यांत वाईट. आपल्याकडच्या अन्नसुरक्षेच्या नियमांत साध्या माशांत किलोमागे अर्धा मिलिग्रॅम पारा चालतो, शिकारी माशांत एक. म्हणजे नियमात बसलेली मुशीही बांगड्यापेक्षा जड असू शकते!

जपानात मिनामाता गावी १९५६ साली हा आजार उघडकीला आला. चिस्सो कंपनीचं सांडपाणी खाडीत जायचं. आधी मांजरं वेड्यासारखी नाचून मेली, मग माणसं आजारी पडली. सगळ्यांत जिवाला लागणारी गोष्ट अशी, की काही आयांना स्वतःला फारसा त्रास नव्हता, पण त्यांची मुलं जन्मतःच मेंदूने अधू निघाली. पारा वारेतून बाळाकडे जातो. तरी कंपनीचं पाणी थांबायला १९६८ उजाडलं.

आमच्या पत्रलेखिकेने घाबरून मासळीच सोडू नये. बाळाच्या मेंदूला मासळी चांगलीच. आठवड्यातून दोनतीनदा, सगळी मिळून पाव किलो ते साडेतीनशे ग्रॅमपर्यंत, आणि ती लहान जातीची: बांगडा, तारली, मांदेली, झिंगे. तळ्यातला रोहू-कटला मिळाला तर उत्तमच. मुशी अजिबात नको. सुरमईही आता बाजूला ठेवा, तिच्याच गोतातला अमेरिकेतला मोठा मासा तिथे गरोदर बायांना वर्ज्य सांगतात.

कोकणात बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशीचं कालवण देतात. सासूबाईंच्या मनात तेच असणार, त्यांच्या मायेला नावं ठेवायची नाहीत. पण अंगावर पाजतानाही थोडा पारा दुधात उतरतो, तेव्हा तेव्हाही बांगडाच बरा. त्रिफळं घालून सासूबाईंनाच करायला सांगावा. आणि आतापर्यंत खाल्लेल्याची धास्ती नको: नवा पारा गेला नाही, की साधारण दोन महिन्यांत अंगातला निम्मा निघून जातो.

पिशवीत बर्फाचे मोठे खडे दिसले, तर वाटेत मासळी वितळून पुन्हा गोठलीय असं समजा. आलापल्लीपर्यंतचा प्रवास लांबचा, असली पिशवी परत करावी.