सादडा म्हणजे नेमकं कोणतं झाड?

बासुंदीत चारोळी घालताना तिचं झाड कसं दिसत असेल, असं कधी मनात येतं का? माझ्या तरी आलं नव्हतं. विड्यातला कात खैराचा, मधुमेहासाठी आणतात तो लाकडी पेला बिजाचा, एवढं ऐकून माहीत. झाड समोर आणून उभं केलं तर मी गप्पच बसेन. अर्थात मी ओळखलं नाही म्हणून कुणाचं अडत नाही. पण झाड ओळखणं हा जिच्या नोकरीचाच भाग आहे, तिचं अडतं. आणि तिच्यामुळे आणखी एखादीचं.

माझी भाची वनरक्षक आहे. सरकारी नोकरीत बायकांना 30 टक्के जागा राखीव झाल्यापासून खाकी वर्दीतल्या अशा मुली गावोगाव दिसू लागल्या. बारावी, लेखी परीक्षा, तीन किलोमीटर धावणं, सगळं पार करून ती लागली. मग प्रशिक्षण. कायदे, कवायत, पंचनामा, वणवा विझवणं आणि त्यातच झाडं. झाडं म्हणजे यादी. मराठी नाव, शास्त्रीय नाव, उपयोग. जोडीला कागदावर चिकटवलेली वाळकी पानं. पोरीने सगळं पाठ केलं.

नेमणूक झाली एप्रिलमध्ये. आपल्याकडचं पानगळीचं जंगल तेव्हा उघडंबोडकं असतं. पानं पाठ करून आलेल्या मुलीसमोर नुसती खोडं!

त्याच महिन्यात एक बाई अर्ज घेऊन आली. नवरा गेलेला, डोक्यावर बोअरचं कर्ज, बांधावरचं एक झाड विकायचं होतं. कोणतं झाड? तर 'सादडा'. भाचीने पुस्तिका उघडली. सादडा म्हणजे ऐन, असं तिथे छापलेलं. महाराष्ट्रात खासगी जमिनीवरच्या झाडांसाठी 1964 चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे. त्याच्या यादीत साग, मोह, चिंच, आंबा, खैर, बिजा, जांभूळ अशी 16 झाडं आहेत आणि त्यात ऐनही आहे. मग काय, सातबारा आणा, नकाशा आणा, आज साहेब नाहीत, उद्या या. बाईचे हेलपाटे सुरू झाले.

जुलैत रोपवनावर खड्डे खोदायला आलेल्या एका आजींनी ते झाड पाहिलं. म्हणाल्या, "मॅडम, पुस्तक ठेवा बाजूला, हात लावून बघा." ऐनाची साल काळपट, चौकोनी भेगांची, अगदी मगरीच्या पाठीसारखी. हे खोड तर गुळगुळीत, पांढरट, पातळ खपल्या निघणारं. म्हणजे अर्जुन. अर्जुनालाही कित्येक गावांत सादडाच म्हणतात! आणि अर्जुन त्या सोळांत नाहीच. तोवर पाऊस लागला होता. बांधापर्यंत गाडी जाईना, व्यापाऱ्याने भाव पाडला. कर्जाचं व्याज काही थांबलं नव्हतं.

चूक भाचीची म्हणावी का? थोडी आहेच, विचारायला हवं होतं तिने. पण नावांचा घोळ भलताच आहे. विदर्भातलं कुसुम कोकणात कोशिंब होतं. असन म्हणजे बिजा आणि असाणा म्हणजे दुसरंच झाड. म्हणून शास्त्रीय नाव हवंच. (तेही बदलतं म्हणा. ऐनाचं टर्मिनालिया टोमेन्टोसा होतं, आता टर्मिनालिया इलिप्टिका लिहितात.) पण शास्त्रीय नाव खोडावर लिहिलेलं नसतं. त्या नावापर्यंत पोचायचं ते साल, चीक, वास, खाली पडलेली फळं यांच्या वाटेनं. बिजाला खाच पडली की रक्तासारखा लाल रस येतो. सागाचं कोवळं पान चुरगाळलं की बोटं लाल होतात. सालईच्या डिंकाला धुपाचा वास. कांडोळाचं पांढरं खोड चांदण्यात भुतासारखं दिसतं. हे वर्गात बसून कसं शिकायचं?

दर चार वर्षांनी होणाऱ्या व्याघ्रगणनेचं आपण वाचतो. वाघ किती वाढले, हा आकडा तेवढा लक्षात राहतो. त्या कामात वनरक्षक दोन किलोमीटरची ठरलेली रेषा पायी चालतात आणि दर 400 मीटरवर थांबून 15 मीटरच्या वर्तुळातली सर्वात जास्त दिसणारी पाच झाडं नोंदवतात. हरणांना चारा कुठे आणि वाघाला आसरा कुठे, हे त्यातून समजतं. नाव चुकलं की नोंद चुकली. नोव्हेंबर 2021 मध्ये ताडोब्यात याच गणनेच्या पायी सर्वेक्षणात एका महिला वनरक्षकाला वाघिणीने मारलं. इतका जीव धोक्यात घालून भरलेला तक्ता निदान बरोबर भरता यावा, एवढं शिकवायला नको का?

उलट तस्करांना झाडं बरोब्बर ओळखता येतात. सह्याद्रीतल्या नरक्यापासून कर्करोगावरच्या औषधासाठी लागणारं द्रव्य मिळतं, म्हणून तो चोरून तोडला जातो. त्यांना कुणी पुस्तिका दिली होती?

गावच्या माणसांना शिकवून तयार करणं अवघड नाही. कोस्टा रिका या छोट्या देशाने 1989 पासून खेड्यातल्या साध्या माणसांना काही महिने रानातच शिकवलं, नमुने गोळा करून प्राथमिक ओळख पटवायला तयार केलं आणि त्याचा पगारही दिला. आपल्याकडे तर अर्धी विद्या आधीच गावात आहे. मोह वेचणारी, तेंदूपत्ता तोडणारी, हिरडा गोळा करणारी बाई पन्नास-साठ झाडं सहज सांगेल. वनरक्षकांच्या प्रशिक्षणात आठवडाभर अशा बायकांना शिक्षिका म्हणून बोलवा, मुलींना एप्रिलमध्ये एकदा आणि पावसाळ्यात एकदा त्याच झाडांपाशी न्या. शास्त्रीय नाव सांगायला सोबत वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका असू देत. आणि मानधन दोघींना द्या. नुसती साडी-नारळ देऊन सत्कार नको.

भाचीने आता वहीत रकाने पाडलेत. गावातलं नाव, पुस्तकातलं नाव, साल कशी, कुणी सांगितलं. आजी सुट्टीच्या दिवशी तिच्यासोबत फिरतात. त्यांची मजुरी अजूनही खड्ड्यांच्या हिशेबानेच निघते, आणि या फिरण्याचे पैसे भाची स्वतःच्या पगारातून देते.