शरणपूरहून मोंबासा

आफ्रिकेतील प्रेक्षणीय शहरे कोणती, असे विचारले की आपण कैरो आणि केपटाऊनवर थांबतो. नाशिककराने मात्र पहिला मान मोंबासाला द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. नारळी, निळा समुद्र, पोर्तुगीजांनी १५९३ साली बांधावयास घेतलेला फोर्ट जीझस, हे सारे तेथे आहेच. पण बेटासमोरच्या किनाऱ्यावर फ्रीअरटाऊन आहे, आणि त्याचे आपल्या शरणपूरशी नाते आहे.

गुलामांच्या गलबतांतून ब्रिटिश आरमाराने सोडविलेल्या आफ्रिकन मुलांना एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी शरणपुरात आश्रय दिला; अक्षरे शिकविली, सुतारकाम, लोहारकाम शिकविले. त्यांतलाच जेकब वेनराइट. १८७३ साली लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात वारला, तेव्हा झाडावर त्याचे नाव कोरले ते वेनराइटने. साथीदारांसह त्याने शव महिनोन् महिने चालत किनाऱ्यावर आणले आणि पुढे थेट लंडनपर्यंत पोहोचविले. १८७५च्या सुमारास फ्रीअरटाऊन वसले, त्यात शरणपूरची माणसे होती.

मला शाळेत लिव्हिंग्स्टन भेटला. वेनराइट भेटला नाही. शरणपूर रोडने रोज कॉलेजला येताना कोणी त्याचे नाव काढलेलेही ऐकले नाही. मोंबासाचे भाडे कोठून आणायचे, हा प्रश्न अलाहिदा! शरणपूरला सायकलवर जाता येते.