विश्लेषण : आजोबांच्या ट्रंकेतले पदक कशाचे? महायुद्धातील सैनिकाची नोंद शोधायची कुठे?

‘आजोबा महायुद्धात होते, त्यांना पदकही मिळालं होतं.’ आंबिवली-मोहने परिसरात एनआरसी कारखान्याच्या निमित्ताने घाटावरून आणि कोकणातून कुटुंबे येऊन स्थिरावली. त्यांच्यापैकी काही घरांत हे वाक्य आजही ऐकू येते. पुढचा प्रश्न विचारला, की गोष्ट अडते. कोणती पलटण? कोणती आघाडी? पदक नेमके कशाबद्दल? दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्याची संख्या सुमारे २५ लाखांवर गेली होती. त्यातल्या एका माणसाचा माग आज लागू शकतो का?

पदक शौर्याचे की मोहिमेचे?

पदकावर राजाचा चेहरा आहे म्हणजे ते शौर्याचेच, असा समज सर्रास आढळतो. तो बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. सहा टोकांचे काशाचे तारे म्हणजे आफ्रिका स्टार, बर्मा स्टार, इटली स्टार. ती मोहिमेची पदके. त्या आघाडीवर ठरलेल्या अटींनुसार सेवा केलेल्या प्रत्येकाला ती मिळत. मागे भारताचा नकाशा असलेले इंडिया सर्व्हिस मेडलही सेवेचेच. शौर्यासाठी मिळणारी पदके वेगळी होती : व्हिक्टोरिया क्रॉस, इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट, मिलिटरी क्रॉस, इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल आणि मिलिटरी मेडल.

यातली शेवटची दोन गोल पदके असतील, तर त्यांची कड भिंगाखाली पाहावी. तिच्यावर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पदक घासूनपुसून लख्ख करण्याच्या नादात हीच अक्षरे झिजतात. त्यामुळे आधी फोटो काढावा आणि पॉलिशला हात लावू नये.

शोधाची सुरुवात कुठून?

सुरुवात घरातूनच. डिस्चार्जचा कागद, पेन्शनचे पुस्तक, गणवेशातला फोटो, आघाडीवरून आलेले पत्र. यातून सैनिक क्रमांक हाती लागला, तर निम्मे काम झाले. राज्य सरकार दुसऱ्या महायुद्धातील माजी सैनिकांना व त्यांच्या पत्नींना मानधन देते. आजी-आजोबांनी ते कधी घेतले असेल, तर ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातील जुन्या फायलीतही हा क्रमांक असू शकतो.

पुढचा टप्पा मोबाइलवरही पार पडतो. ‘लंडन गॅझेट’ या ब्रिटिश राजपत्राचे जुने अंक ऑनलाइन आहेत. त्यात शौर्यपदक मिळालेल्यांची नावे आहेत, पण मिलिटरी मेडलसारख्या पदकांच्या बाबतीत पराक्रमाचे वर्णन नाही. ते वर्णन लंडनच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात, ‘डब्ल्यूओ ३७३’ या शिफारसपत्रांच्या मालिकेत शोधावे लागते. तिची सूची घरबसल्या पाहता येते.

शोध घेताना स्पेलिंगचे भान हवे. ‘मराठा’ शब्दाचे त्या काळचे लष्करी स्पेलिंग एम-ए-एच-आर-ए-डबल टी-ए असे होते. आजचे स्पेलिंग टाकले तर नाव असूनही सापडत नाही. आडनावांचेही तसेच. कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे ते लिहिले गेले.

जो पडला तो सापडतो

माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे यांचे उदाहरण पाहा. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधले घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढत होते. सोबतचे जवान ठार किंवा जखमी झाल्यावर ते एकटेच मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले. ग्रेनेडने त्यांनी मशीनगन बंद पाडली. बंदुकीतील गोळ्या संपल्यावर दस्त्याने शत्रूशी झुंज दिली आणि तिथेच ते धारातीर्थी पडले. वय अवघे २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. राजपत्रात त्यांच्या पराक्रमाचे वर्णन आहे, कसिनो स्मारकावर नाव आहे, माणगावात पुतळा आहे. इटलीतील मोंतोने येथे २०२३ मध्ये त्यांच्या नावाने स्मारकही उभे राहिले.

युद्धात मरण पावलेल्या प्रत्येक सैनिकाला एवढा मान मिळाला नाही. पण राष्ट्रकुल युद्ध समाधी आयोगाच्या ऑनलाइन यादीत साध्या शिपायाचेही नाव शोधता येते. हयात परतलेल्यांची अशी यादी नाही. आंबिवलीतल्या त्या घराची अडचण हीच आहे. त्यांचे आजोबा परत आले होते.

कागद गेले कुठे?

साध्या सैनिकांच्या सेवेच्या नोंदी त्या त्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात असतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीसाठी बेळगाव, महार रेजिमेंटसाठी मध्य प्रदेशातील सागर, बॉम्बे सॅपर्ससाठी खडकी. नातेवाइकांनी अर्ज केल्यावर अनेकदा उत्तर येते : कागदपत्रे नियमानुसार नष्ट करण्यात आली आहेत.

हे उत्तर खोटे नसते. निवृत्तिवेतन नसलेल्या सैनिकाची कागदपत्रे ठराविक मुदत संपल्यावर, साधारणपणे २५ वर्षांनी, नष्ट केली जातात. युद्ध संपल्यावर सैन्यकपात झाली, लाखो जवान घरी पाठवले गेले. त्यांची नोकरी चार-सहा वर्षांचीच, त्यामुळे पेन्शन नाही. म्हणजे जे केवळ युद्धासाठी भरती झाले आणि प्रत्यक्ष युद्ध लढले, नेमके त्यांचेच कागद आधी गेले.

तरीही एक धागा उरतो. ‘लाँग रोल’ ही सैनिकांची मूळ नोंदवही कायम जपली जाते. म्हणून अर्जात ‘सर्व्हिस रेकॉर्ड द्या’ एवढेच न लिहिता ‘लाँग रोलमधील नोंदीचा उतारा द्यावा’ अशी स्पष्ट मागणी करावी. सोबत वारस असल्याचा पुरावा जोडावा.

काय व्हायला हवे?

कल्याण परिसरात महायुद्धाच्या खुणा कमी नाहीत. आजचे उल्हासनगर हे तेव्हाच्या लष्करी छावणीवर वसले. नेवाळीच्या धावपट्टीसाठी तेव्हा घेतलेल्या जमिनीवरून २०१७ मध्ये आंदोलन पेटले. जमिनीच्या कागदासाठी इथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या झगडतात, कारण सातबारा कुठे पाहायचा ते त्यांना ठाऊक असते. लढायला गेलेल्या माणसाचा सातबारा मात्र दूरच्या कार्यालयातल्या बंद वहीत आहे.

तो उघडायला हवा. महायुद्धकाळातील लाँग रोल स्कॅन करून नाव, क्रमांक, गाव आणि पलटण एवढी सूची ऑनलाइन ठेवावी. ८० वर्षांपूर्वीच्या पायदळातील शिपायाचे गाव उघड झाल्याने देशाच्या सुरक्षेला धोका पोहोचत नाही. तपशीलवार माहिती हवी तर फक्त वारसांना द्यावी. लष्करावर कामाचा बोजा पडेल, हा आक्षेप रास्त आहे. पण एकदा सूची झाली, की प्रत्येक अर्जासाठी वही उलटण्याचे काम वाचेल.

‘ते इंग्रजांसाठी लढले, त्यांचे कौतुक कशाला’, असेही विचारले जाते. कोणी पगारासाठी गेला, कोणी घराण्याच्या रिवाजापोटी, कोणी दुष्काळाला कंटाळून. गौरव करायचा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. पण ठरवण्यासाठी आधी तो माणूस माहीत असायला हवा.

तोवर घरातल्यांनी एवढे तरी करावे : ट्रंक उघडून पदकाच्या कडेचा आणि प्रत्येक कागदाचा फोटो काढावा. आजी किंवा आत्या हयात असेल, तर या रविवारीच मोबाइलवर तिचे बोलणे रेकॉर्ड करावे. वहीतला कागद कदाचित आणखी दहा वर्षे टिकेल. आजीची आठवण तेवढी थांबेलच असे नाही.