पाणी चढलं नाही, तरी जमीन गेली

सातबाऱ्यापलीकडे / बांधकरी

मोजणी एकदा होते, हिशेब मात्र पुढे कितीही निघतात. गटांच्या हद्दींचा एक थर आणि जमिनीच्या उंचीचा दुसरा थर डेटाबेसमध्ये असला, की दोन्हींचा छेद घेऊन ‘बुडीत क्षेत्र’ हा तिसरा थर काही सेकंदांत हाती येतो. त्यासाठी शेतात कुणी पाय ठेवलेला नसतो. सोय मोठी आहे. पण या तिसऱ्या थराची उलटतपासणी का करायची, हे नंदुरबार जिल्ह्याला विचारावं.

नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाची पूर्ण जलपातळी 138.68 मीटर. या पातळीने जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33 गावं बाधित झाली. नर्मदा न्यायाधिकरणाच्या 1979 च्या निवाड्यानुसार 25 टक्क्यांहून जास्त जमीन संपादित झालेल्या कुटुंबाला जमिनीच्या बदल्यात जमीन, किमान 2 हेक्टर. पहिली गोष्ट उंचीतल्या चुकीची. वीस पावलांत एक पाऊल चढणारा उतार घ्या. तिथे उंचीत एका मीटरची चूक झाली, तर पाण्याचा काठ वीस मीटर सरकतो. छोट्या शेतात तेवढ्याने 24 चे 26 टक्के होतात.

दुसरी गोष्ट टापूची. पाण्याच्या वर राहिलेली, पण पाण्याने वेढलेली जमीन. संगणकाला विचारलं, ‘बुडते का?’ तर उत्तर येतं, ‘नाही.’ शेतकरी विचारतो, ‘मग बैल कुठून नेऊ?’ खरं तर हे उत्तरही उंचीच्या त्याच थरात पडून असतं. फक्त प्रश्न विचारावा लागतो.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. सातपुड्यात पिढ्यान्‌पिढ्या कसलेली कितीतरी वनजमीन सातबाऱ्यावर नव्हतीच. वनहक्क कायदा आला 2006 साली, निवाड्यानंतर सत्तावीस वर्षांनी. जिथे हद्दच नोंदलेली नाही, तिथे छेद शून्य येतो. आणि कागदावरचं शून्य ‘नुकसान नाही’ असं वाचलं जातं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. नकाशावरून काढलेल्या प्रत्येक नकाशावर तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: मूळ मोजणी कोणत्या वर्षाची, चूक किती मीटरची असू शकते आणि प्रश्न नेमका काय विचारला होता. सातबाऱ्याचं चावडीवाचन होतं, तसं या थरांचंही ग्रामसभेत व्हावं, आदेश निघण्याआधी. बैलाची वाट तिथे बसलेल्यांना ठाऊक असते.