बाटलीतलं अमृत

परवा बचत गटाच्या बैठकीत एका मैत्रिणीने अंतर्गत कर्ज मागितलं. कशाला, तर नोनीच्या रसाच्या चार बाटल्या घ्यायला! ‘ह्यांच्या किडनीसाठी,’ म्हणाली. बाटल्या विकणारी आमच्याच गटातली. तिने हिला सांगितलेलं, यात अँटिऑक्सिडंट भरपूर, शरीर आतून धुऊन निघतं.

मी म्हटलं, अगं, आधी डॉक्टरांना विचार. त्यांनी साफ नाही सांगितलं. नोनीच्या रसात पोटॅशियम असतं, जवळजवळ संत्र्याच्या रसाइतकं. धडधाकट माणसाची किडनी जास्तीचं पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकते. अधू किडनीला ते झेपत नाही, मग ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. नोनीचा रस घेणाऱ्या अशा एका रुग्णाची नोंद अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २००० सालीच केली आहे.

म्हणजे अँटिऑक्सिडंट हे थोतांड आहे का? तसं मुळीच नाही. जांभळाचा, काळ्या द्राक्षाचा रंग ज्या द्रव्यांमुळे येतो ती याच जातीची, आणि आवळ्यातलं ‘क’ जीवनसत्त्वही. डाळिंबाच्या रसाने रक्तदाब थोडासा उतरल्याचं काही अभ्यासांत दिसलंय. पण थोडासा म्हणजे गोळी बंद करण्याइतका नव्हे, हो!

शिवाय रस काढला की चोथा आपण फेकतो आणि साखर तेवढी पेल्यात उरते. तीन संत्री एका बैठकीला खाववत नाहीत, त्यांचा रस मात्र दोन घोटांत संपतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेची मर्यादा सांगितली, तेव्हा फळांच्या रसातली साखरही त्यात धरली. अख्ख्या फळातली धरली नाही. मधुमेह असलेल्यांनी तर हे गाठीलाच बांधावं. बाटलीवरच्या ‘शंभर टक्के फळांचा रस’ या शब्दांवर तरी किती विसंबायचं? पाणी घालून पुन्हा तयार केलेल्या रसांवरचा हा दावा काढून टाका, असं आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं होतं.

कर्जाचा अर्ज तिने मागे घेतला. पण विकणारीच्या घरी आठ बाटल्या पडून आहेत, पैसे आधीच भरलेले. तीही आपलीच. कंपनी माल परत घेते का, हे विचारायला उद्या आम्ही दोघी तिच्यासोबत तालुक्याला जाणार आहोत.